रोज दहा वाजून पाच मिनिटांनी येणारा चोर

रॉडनी लेहतोने आपल्या सख्ख्या बापाला हाकलून दिलं ते माझ्यादेखत, गार झालेली कॉफी पीत. मी समोरच होते आणि मीच म्हणाले होते, "कर बाबा त्याला एकदाचं बंद, आणि माझं डोकं खाणं थांबव." तेव्हा पापात माझाही वाटा आहे.

हॅन्कॉक गावात क्विन्सी रस्त्यावर आमचं दोघांत मिळून एक दुकान आहे. पुढच्या अर्ध्यात मी पाट्या आणि बॅनर छापते, मागच्या अर्ध्यात रॉडनी लोकांना वेबसाइट करून देतो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण पाठ आत्ताच वाकलेली, डोळे सदा लाल. गिऱ्हाईक सांगणार, नाव जरा मोठं करा. केलं की म्हणणार, जरा लहान करा. मग आठवड्याने फोन येणार, पहिलं होतं तेच बरं होतं हो. रॉडनी "बरं" म्हणतो आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसतो. मी असते तर कधीच कुणाच्या तरी डोक्यात बॅनरची नळी घातली असती.

आणि एवढं करून भागत नव्हतं म्हणून की काय, हा संध्याकाळी स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत बसायचा. २००१ पासून, आठवड्यातून दोनदा, न चुकता. मंगळवारची नोंद शिव्यांची. नवं सॉफ्टवेअर घातलं आणि जुनं सगळं मोडलं, प्रिंटर कागद खातो, पासवर्ड बदलून बदलून आता स्वतःचं नावही आठवत नाही, असलं सगळं. शुक्रवारची नोंद इंटरनेटवर सापडलेल्या गोष्टींची. कुणी आपल्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या टपालपेट्यांचे फोटो काढून ठेवलेत, कुणी बंद पडलेल्या टेलिफोनच्या घंटा साठवल्यात, कुणी गरुडाच्या घरट्यावर कॅमेरा रोखलाय.

"वाचतं कोण हे?" मी एकदा विचारलं.

"नऊ जण."

"त्यातली एक मी, आणि मी तर वाचतच नाही."

"मग आठ," तो म्हणाला आणि पुन्हा लिहायला लागला.

त्याचा बाप तैस्तो, वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म जंगलात लाकडं तोडण्यात गेला. राहतो कोर्पी गावात, इथून गाडीने पाऊण तास. आमच्याकडच्या फिनिश वंशाच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून बादलीभर पाणी काढायचं. पण या दोघांत तर चार वर्षं तेवढंही पाणी निघालं नव्हतं. रॉडनीची आई एल्मा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि इथे एका गिऱ्हाइकाची वेबसाइट बंद पडली. "पाच मिनिटांत निघतो, ग्लेंडा, पाच मिनिटांत निघतो," असं करत हा दीड तास इथेच. पोचला तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली. माती झाल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी बाप एवढंच म्हणाला, "झालं का खेळून?" तेव्हापासून तोंड बंद. नाताळला रॉडनी कार्ड पाठवायचा. उत्तर नाही.

मातीनंतरच्या मंगळवारी त्याने ब्लॉगवर एक नोंद लिहिली. तिच्यात शिव्या नव्हत्या. बाबा, माझं चुकलं, आई माझी वाट बघत गेली आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, असं सगळं सरळ लिहिलं होतं. ती मात्र मी वाचली.

"अरे, हे त्यांना जाऊन सांग ना. त्यांच्याकडे कंप्युटर तरी आहे का?"

"नाही."

"मग लिहिलंस कुणासाठी? भिंतीसाठी?"

"कुठेतरी ठेवायला हवं होतं, ग्लेंडा," तो म्हणाला. कप्पाळ!

चार वर्षांनी, मार्चमध्ये, रॉडनीला कळलं की त्याचा ब्लॉग चोरीला जातोय. कुठल्याशा साइटवर त्याच्या नोंदी जशाच्या तशा, भोवती वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती. नऊ वाचकांचं लिखाण चोरणाऱ्याची मला दयाच आली, पण रॉडनी पेटला. त्या धंद्यात एक चाल असते. वेबसाइटवर कुणीही आलं तरी मागे त्याची खूण राहते. कुठल्या आकड्यावरून, म्हणजे कुठल्या कंप्युटरवरून आलं, किती वाजता, कुठलं पान उघडलं. नाव मात्र कळत नाही. दोन दिवस तो त्या याद्या चाळत बसला आणि तिसऱ्या दिवशी ओरडला, "सापडला!"

सापडलेला पाहुणा खरंच चमत्कारिक होता. दीड वर्ष रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी यायचा. रोज एकच नोंद उघडायचा, चाळीस मिनिटं तिच्यावर थांबायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी पुढची नोंद. अगदी २००१ च्या पहिल्या नोंदीपासून ओळीने.

"माणूस असं वाचत नाही," रॉडनी म्हणाला. "हे यंत्र आहे. ओळीने उचलतंय."

"शनिवार-रविवार का येत नाही मग? यंत्राला कसली आलीय सुट्टी?"

"ऑफिसातून चालवत असेल कुणी."

ते पटून मी माझ्या बॅनरकडे वळले. आणखी थोडं डोकं चालवलं असतं तर!

त्याने तो आकडा बंद केला. नुसता बंद करून स्वस्थ बसला असता तरी चाललं असतं, पण रागाच्या भरात त्या आकड्यावरून येणाऱ्यालाच दिसेल अशी एक खास पाटी लिहिली. "तुला ओळखलंय मी. रोज इथे येऊन काय करतोस ते मला ठाऊक आहे. लाज असेल तर परत पाऊल टाकू नकोस." खाली सही, रॉडनी लेहतो. मला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं हसलो.

गोळ्यांच्या साइटवर चोरी चालूच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दीडेक आठवड्याने, बुधवारी सकाळी फोन वाजला. रॉडनी गिऱ्हाइकाकडे गेला होता, मी उचलला. कोर्पीच्या वाचनालयातून इर्मा कोस्की बोलत होती.

"बाई, रॉडनीला एक विचारायचं होतं. तैस्तो आठ दिवस झाले आला नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे. दीड वर्षात बर्फाच्या वादळातसुद्धा चुकला नव्हता हो."

"तैस्तो? तिथे कशाला येतो?"

"मुलाचं वाचायला. आमच्याकडे एकच कंप्युटर आहे, दहाला तो त्याचा. भिंग लावून वाचतो, एकेक ओळ. म्हणून आज मी स्वतः उघडून बघितलं, तर तिथे असं काहीतरी लिहिलंय..." आणि तिने ती पाटी मला फोनवर वाचून दाखवली. या वेळी मला हसू आलं नाही.

रॉडनी आला तेव्हा मी सगळं सांगितलं.  त्याने आधी त्या आकड्यावरची बंदी उठवली, मग याद्या उघडल्या आणि बोटाने खाली खाली जात राहिला. बाप कुठपर्यंत पोचला होता ते बघत होता.

"दोन राहिल्या होत्या," तो म्हणाला. "दोन नोंदी, ग्लेंडा. मग तीच होती." आणि चाळीस-पन्नास वर्षांची माणसं जशी रडतात तसा, आवाज न करता, रडला.

ती मातीनंतरची नोंद मी मोठ्या अक्षरात छापली आणि त्याला माझ्याच गाडीत घालून निघाले. 

तैस्तोने दार उघडलं. आम्हाला बघून आत वळला आणि कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. वेलदोड्याचा पाव कापला. आम्ही बसलो.  मग म्हातारा म्हणाला, "त्या गरुडाच्या तिसऱ्या पिल्लाचं काय झालं?"

रॉडनीने हातातला पाव खाली ठेवला.

"दोन उडाली असं लिहिलंस. तिसऱ्याचं पुढे लिहिलंच नाहीस."

"मला... मला नाही ठाऊक, बाबा."

"मग अर्धवट कशाला लिहायचं?"

"बाबा, ती पाटी तुमच्यासाठी नव्हती. मला वाटलं कुणी चोर आहे."

"मला वाटलं, तुला कळलं मी येतो ते." म्हाताऱ्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "आणि नको आहे."

रॉडनीने छापलेला कागद पुढे सरकवला. तैस्तोने खिशातलं भिंग काढलं, वरची तारीख बघितली आणि कागद परत सरकवला.

"ही नाही. मधे अजून दोन आहेत."

"बाबा, त्या दोन्हींत काही नाही. एक तर नुसती प्रिंटरला शिव्या आहेत."

"असू देत. मी ओळीने वाचतो."

"निदान आज ही वाचा ना हो!" मला राहवलं नाही.

"वाचनालयात वाचतो मी. माझी खुर्ची आहे तिथे," म्हातारा मला म्हणाला. अस्सा राग आला मला! गुरुवारी एक, शुक्रवारी एक, मग शनिवार-रविवार वाचनालय बंद. म्हणजे थेट सोमवार. रॉडनीने कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "ग्लेंडा, तू जा. गिऱ्हाइकांना सांग, मी नाही." बारा वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी त्याचा फोन आला. शनिवारी दोघं सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, बसले होते. बोलणं काही नाही, फक्त तापल्या दगडांवर पाणी कुणी टाकायचं यावरून बापाने दोनदा टोकलं.

सोमवारी दहाला मी माझं काम टाकून रॉडनीच्या कंप्युटरपुढे बसले. दहा वाजून पाच मिनिटांनी तो आकडा आला. ती नोंद उघडली. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. पुढे पाटीसाठी कुणी बेल वाजवत होतं, मी उठले नाही. दीड तासाने पडद्यावर एक ओळ आली. नोंदीखाली कुणीतरी प्रतिक्रिया लिहिली होती, आणि त्या दळभद्री सॉफ्टवेअरने अनोळखी माणूस म्हणून ती संशयितांत टाकून ठेवली होती.

लिहिलं होतं, "तुझी आई वाट बघत नव्हती. झोपेत गेली, असं नर्स म्हणाली. मी पण तिथे नव्हतो. खाली कॉफी प्यायला गेलो होतो. तैस्तो लेहतो."

मंजूर करायचं बटण शेजारीच होतं. मी हात लावला नाही. तेवढ्यात फोन वाजला. रॉडनी वाचनालयाच्या बाहेरून बोलत होता.

"ग्लेंडा, बाबांनी मला बर्फ काढायला बाहेर धाडलंय. आत काहीतरी टाइप करतायत, एका बोटाने. काही आलं का गं तिकडे?"

"आलंय," मी म्हणाले. "फावडं ठेव आणि आत जा."