माया सोडून कापा

पस्तीस वर्षांच्या शिंपीकामात मास्तरांनी एकही कापड माया न सोडता कापलं नव्हतं. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं बोटभर जादा कापड. माणूस जाड झाला की तीच कामी येते. गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं, मास्तर कापड मारतात!

मास्तरांच्या गुदाशयाचा कॅन्सर काढून दोन वर्षं झाली आणि तो पुन्हा उगवला, तोही मूत्राशयाला चिकटून. तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी काही बेतलं नव्हतं. "घालणार कोण?" म्हणायचे.

मग या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, "दोन्ही अवयव काढायचे, शौचाला आणि लघवीला पोटावर दोन पिशव्या कायमच्या. सगळा निघाला तर बरे व्हाल. जरा जरी मागे राहिला, तर मग माझ्या हातात फारसं काही नाही."

"म्हणजे संधी आहे!" मास्तर खुर्चीतून उठलेच. दोन महिने सगळ्यांनी तोंडं पाडून नुसता धीर दिला होता. "मग माया सोडून कापा, बाई. हात आखडू नका!"

डॉक्टरबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मी काही इतकी निर्दय नाही हो."

एवढ्या धास्तीतही बायकोला हसू फुटलं. "अहो, यांची माया कापडातली! जरा जादा कापा म्हणतायत."

"असं होय! आमचंही तेच. गाठीभोवती चांगला भाग घेऊनच कापतो."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स पिशव्यांच्या जागा आखायला आली. तिने पेन उघडलं नाही तोच मास्तर उठून बसले. "बसल्यावर माप घ्या! मशीनवर वाकलो की घडी इथे पडते, पट्टा इथे येतो."

"तेच सांगणार होते," नर्स म्हणाली. पण ऐकतंय कोण! दोन्ही फुल्या मास्तरांनी बोट ठेवलं तिथेच पडल्या.

ऑपरेशन अकरा तास चाललं. बाहेर बाकावर बायको हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसली होती.

बाराव्या दिवशी डॉक्टरबाई तपासणीचा कागद घेऊन जवळजवळ धावतच आल्या. "मास्तर, सगळा निघाला! चारी बाजूंनी माया आहे!"

मास्तर बायकोचा हात धरून ढसाढसा रडले. मग बाहीने डोळे पुसले.

"टेप आण घरून," ते तिला म्हणाले. "नवी पँट बेतायचीय. आणि माया चांगली चार बोटं सोडू. मी आता जाड होणार आहे."