जळकोटच्या दोन मॅडम

येडशीत श्रावस्तीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप खोलण्याआधी ती त्यातल्या सगळ्या फायली क्लाउडवर ठेवते आणि गिऱ्हाइकाला लिंक पाठवते. गिऱ्हाईक ती गावावरून ओळखते. या आठवड्यात ‘जळकोटच्या मॅडम’ नावाचे फोल्डर दोन झाले होते, कारण एकाच शाळेतल्या दोघींनी लॅपटॉप दिले होते.

दुपारी त्यांच्यातल्या एकीचा, क्षमाबाईंचा फोन आला. “ताई, लिंकमधलं हे माझं न्हाय. शिवांजलीचं दिसतंय.”

श्रावस्तीनं आधी लिंक बंद केली. “काही वाचलंत का?”

“पहिलाच कागद. घटस्फोटाचा.” क्षमाबाईंचा आवाज खाली आला. “शाळेत कुणालाच ठाऊक न्हाय हे.”

श्रावस्तीनं फोन ठेवला. गप्प राहिलं तर कदाचित निभावलं असतं. पण शिवांजलीबाईंना ते उद्या दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर? तिनं त्यांना फोन लावून सगळं सांगितलं.

पलीकडं शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

“क्षमाशी मी बोलते,” शिवांजलीबाई म्हणाल्या. “खरं सांगितलंत, बरं केलंत. पण लॅपटॉप आहे तसाच ठेवा. संध्याकाळी न्यायला येते.”

“व्हय, मॅडम,” म्हणत श्रावस्तीनं काढलेले स्क्रू परत बसवायला घेतले.