बाईंची खुर्ची

बाईंना साहेबांची किळस यायची. राग नव्हे, किळस. राग येतो नि जातो. ही मात्र जेवताना तोंडात केस आल्यासारखी दिवसभर जिभेवर राहायची.

बाई म्हणजे विमानतळाच्या रडार खोलीतल्या सगळ्यांत जुन्या कंट्रोलर. आभाळातली विमानं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून अंधाऱ्या खोलीत पडद्याला डोळे लावून बसायचं, कोणाला किती उंचीवर ठेवायचं ते सांगायचं, आणि सांगितलेलं पायलटकडून परत म्हणवून घ्यायचं. ती खोड घरीही गेली नाही. "भाजी आणायचीय. काय म्हणाले मी?" असं त्या विचारायच्या, आणि नवरा बिचारा मुकाट्याने म्हणून दाखवायचा.

त्या खोलीची एक रीत होती. पाळी बदलताना नव्याने थेट खुर्चीत बसायचं नाही. आधी मागे उभं राहायचं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, कानाला हेडफोन लावून. कोणतं विमान कुठे, कोणाला कुठे अडवून ठेवलंय, सगळं डोक्यात बसलं की म्हणायचं, "चित्र दिसलं." मगच पहिल्याने उठायचं.

साहेब त्या खोलीचे प्रमुख झाले आणि त्यांनी ती रीत मोडली. "एका खुर्चीला दोन दोन माणसं कशाला? हा उठला, तो बसला, झालं!" बरं, साहेब काही अडाणी नव्हते हो! कधीकाळी बाईंच्याच शेजारच्या खुर्चीत बसायचे. सगळं कळत होतं मेल्याला, म्हणून तर जास्त शिसारी.

एके दुपारी साहेब कोट घातलेले पाहुणे घेऊन आले. त्यांना फोटोत जुन्या बाई हव्या होत्या.

"बाई, उठा पटकन. पाहुणे खोळंबलेत."

"थोडं थांबा. याला सगळं सांगते नि येते."

"अहो, फोटोच तर आहे! तो बसेल की."

तो म्हणजे चष्म्या, बाईंनीच तयार केलेला कंट्रोलर. बाई उठल्या. एका विमानाला त्यांनी नुकतंच खाली उतरताना मध्येच एका उंचीवर थांबवलं होतं. ते सांगायचं राहिलं. चष्म्याला वाटलं, ते खाली जातंच आहे. त्याने वरच्या विमानाला त्याच उंचीवर यायला सांगितलं.

बाईंच्या हातात कोणीतरी गुच्छ कोंबत होतं, तेवढ्यात पडद्यावर दोन ठिपके लाल झाले आणि भोंगा वाजला. चष्म्याने एकाला डावीकडे वळवलं, दुसऱ्याला वर घेतलं. आवाज जराही हलला नाही पठ्ठ्याचा. विमानं एकमेकांना निसटती चुकवून गेली. आतल्या माणसांच्या हातात कदाचित चहाचे कप असतील. एका पायलटने "दिसलं" एवढंच म्हटलं.

दुसऱ्याने खुर्ची घेतल्यावर चष्म्या बेसिनवर वाकून भडाभडा ओकला. बाई त्याची पाठ चोळत होत्या. साहेब दारात आले आणि हळूच म्हणाले, "पाहुण्यांना काही कळलं नाही ना?"

त्या क्षणी ओकारी बाईंनाही आली.

चौकशी लागली. आदल्या दिवशी साहेबांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं, पुढ्यात बिस्किटं सरकवली. "बाई, तुम्ही त्याला सगळं नीट सांगितलं होतं, असंच म्हणा. पोरगं घाईत चुकलं. लायसन्स जाईल त्याचं, पण तरुण आहे, दुसरं काहीतरी करेल. तुम्ही आता निवृत्त होताय. तुम्हाला शिकवायला ठेवून घेतो."

शिकवायचं तर बाईंच्या फार मनात होतं. घरी बसून करायचं काय, या विचाराने त्यांची झोप उडालेली. पण बोलताना साहेबांच्या ओठावर बिस्किटाचा चुरा हलत होता, आणि बाईंना तो बघवेना. बिस्किटं तशीच ठेवून त्या उठून आल्या.

चौकशीत त्यांनी सरळ सांगितलं. "साहेबांनी उठवलं आणि मी उठले. उठायला नको होतं. पोराला मी चित्र दिलंच नव्हतं. त्याने तर माझं निस्तरलं."

चष्म्याचं लायसन्स राहिलं. मोडलेली रीत परत आली. शिकवायची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. आणि साहेब? साहेबांना मोठ्या ऑफिसात वरची जागा मिळाली. थूः!

बाईंच्या शेवटच्या पाळीला भाषण करायला तेच साहेब आले. शेजारच्या खोलीत केक मांडला होता. दारातून ते हसत म्हणाले, "चला बाई, उठा आता! मला पुढे जायचंय."

चष्म्या बाईंच्या मागे उभा होता. कानाला हेडफोन, खुर्चीच्या पाठीवर हात. बाई सवयीने थोड्या उठल्या, तसा त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा बाई. मला अजून चित्र दिसलं नाही."

पडद्यावर त्या वेळी एकच विमान होतं, तेही हद्द सोडून चाललेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाई खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"बघ बाबा, सावकाश बघ," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचंय?"