गोपाळकाकांचा कान

गोपाळकाका कुणाच्याही घरात थेट शिरत नसत. दारापुढच्या खळ्यात, अंगणात उभे राहून मान तिरकी करीत, क्षणभर ऐकत आणि मग म्हणत, "झिला, तुज्या पंपाची बेअरिंग गेली हा." ती खरोखरच गेलेली असे. तीस वर्षं बोटीवर वायरलेस सांभाळून ते आचऱ्याला आमच्या शेजारी परतले होते. खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

एकदा आठवडाभर ते आमच्या घरी अडकून पडले, त्याला कारण माझी हुशारी. विजेने आमचा टीव्ही जळला. बायको म्हणाली, नवा घेऊया. मी म्हणालो, "कित्याक? कॉम्प्युटरात एक कार्ड बसवलां की झालो टीव्ही." कार्ड आलं. मशीनला त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता, ती मी जपून ठेवली, इतकी जपून की ती अजून सापडलेली नाही. त्यामुळे विंडोज कार्डाला ओळखच देईना. मुंबईच्या भाच्याने त्याच मशीनमध्ये विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणालीही घालून ठेवली होती. सुरू करताना कुठल्या दाराने आत जायचं ते आपण सांगायचं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे. फक्त कार्ड कितव्या नंबरचं ते त्याला सांगा." कार्डावर नाव ना गाव. लिनक्सच्या यादीतले नंबर शंभरावर.

एरवी मी हात टेकले असते. पण आईचा भाऊ, आमचा नानामामा, दशावतारात राजा व्हायचा. तो त्याच वर्षी शिमग्यात वारला. त्याच्या नाटकाचं जुनं चित्रण रविवारी दुपारी सरकारी वाहिनीवर लागणार होतं. आई अंथरुणाला खिळलेली, नजर काचबिंदूने गेलेली. "माज्या भावाक एकदा भेटाक होया रे," एवढंच ती म्हणायची. शेजाऱ्याचा टीव्ही उचलून आणता आला असता, पण मग माझ्या कार्डाची अब्रू गेली असती.

काका वही घेऊन बसले. "एका येळाक एकच नंबर. दोन गाठी एकदम सोडलंस तर खंयची ढिली होती ता कळाचा नाय." नंबर घालायचा, पडद्यावर मुंग्या बघायच्या, मशीन गोठलं की बंद करून चालू करायचं, वहीत फुली मारायची, पुढचा नंबर. चौथ्या दिवशी माझी पाठ आणि काकांचे डोळे एकदमच गेले.

"घरात मटको सुरू केल्यात काय?" बायको म्हणाली. "लोक बटण दाबतत, तुमी आकडे लावतास!"

"लागतलो गो, लागतलो," काका डोळे चोळत म्हणाले.

रविवारी, नाटकाला तासभर उरला असताना, लागला. चित्र स्वच्छ. आवाज मात्र नाही. त्यासाठी कार्डातून एक लहानशी वायर जोडावी लागते. ती मी सीडीच्याच डब्यात जपून ठेवली होती.

"ऱ्हवांदे आवाज, चित्र काय झकास आसा!" मी म्हणालो.

खाटेवरून आई म्हणाली, "झिला, चित्र घेवन मी काय करू? माका खंय दिसता?"

काकांनी वही मिटली. "तीस वर्षा कानावर जगलंय," ते हळूच म्हणाले, "आनि आठवडोभर डोळ्यांच्या नादाक लागलंय." उठले आणि चालू लागले. मला वाटलं, रागावले.

परत आले ते टॉवेलात गुंडाळलेला जुना रेडिओ घेऊन. त्याच्या तबकडीवर टीव्हीचा नुसता आवाज पकडणारी एक पट्टी होती. मान तिरकी करून काका चाक फिरवत राहिले. खरखर, खरखर, आणि मग त्यातून नानामामाची राजाची गर्जना.

"आयलो," आई म्हणाली आणि तिने रेडिओवर हात ठेवला. नाटक संपेपर्यंत काढला नाही. समोरच्या पडद्यावर मामा मुकाट्याने तलवार फिरवत होता. तिकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्यानंतर कुणाचंही मशीन उघडण्याआधी काका विचारायचे, "आदी सांग, कोणाक होया? आनि काय होया?"

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला इस्पितळात गेलो. फळं, बिस्किटं, त्यांच्या भावाने आणलेलं देवाचं तीर्थ, सगळं उशाशी तसंच पडलेलं. मी विचारलं, "काका, तुमका काय होया?"

"आत्ता बरोबर इचारलंस," ते म्हणाले. "तो पंखो बंद कर. खरखरता."

उकाडा मरणाचा होता. मी पंखा बंद केला. काकांनी उशीवर मान तिरकी केली आणि ऐकत पडून राहिले.