यादीच्या उजव्या बाजूची मोकळी जागा

सावद्यातल्या एका केळी संघाच्या नोटीस बोर्डावर मी साठ-सत्तर शेतकऱ्यांची, त्यांच्या कानावर कधी जाऊ नयेत अशी टोपणनावं छापून लावली. खाली ठळक अक्षरात 'संगणक विभाग' असंही छापलं. विभागात मी एकटाच होतो, त्यामुळे हे कुणी केलं ते शोधायला कुणाला त्रास पडला नाही.

नव्वदीची सुरुवात होती. मी मूळचा साक्रीकडचा. जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलो आणि तिथेच शिकवायला लागलो. म्हणजे काल शिकलेलं आज शिकवायचो. क्लासच्या सरांनी या संघाला एक कॉम्प्युटर विकला आणि खोक्यात थर्माकोल येतं तसा त्याच्यासोबत मला पाठवला. "तीन महिन्यांत यादी चालली तर संघ पक्क्या नोकरीचं पत्र देईल," सर म्हणाले, "नाही चालली तर साक्रीची एसटी तुला माहीत आहे." साक्रीला वडील डीएडचा फॉर्म आणून बसलेच होते. पडद्याकडे बघत बसायचा कुणी पगार देतं, हे त्यांना पटतच नव्हतं. मला मात्र स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. यायला हवी होती.

यादी म्हणजे वॅगनची. दिल्लीकडे केळी न्यायला वॅगन मोजक्या मिळायच्या, म्हणून कोणी कोणत्या दिवशी घड कापून आणायचे याची पाळी संघ लावायचा. पाळीत घोळ झाला की कापलेले घड स्टेशनावर पिवळे पडायचे. ही यादी संघाचे जुने कारकून हाताने लिहायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांची वही पाहिली तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. गावात आडनावं तीन-चार, नावं दहा-बारा, आणि बापांची नावंही त्यातलीच. एकाच नावाची, एकाच बापनावाची पाच-पाच माणसं! माझा प्रोग्राम पाचांना एक समजून चौघांची पाळी खाऊन टाकायचा.

"नाना, तुम्ही कसं ओळखता?"

"खुणेनं," नाना म्हणाले आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मनातल्या मनात."

"मग सांगा ना खुणा. मशीनला लागतात."

"मशीनच्या पोटात राहील ना बठ्ठं?"

"सगळं पोटातच राहील, नाना. बाहेर कुठे जातंय?"

दोन दुपारी नाना सांगत होते आणि मी टाइप करत होतो. साल्याच्या लग्नात रुसलेला. मोटरसायकल ढकलत नेणारा. एकच गोष्ट दोनदा विचारणारा. बायकोला विचारून सांगणारा. नानांना इतकं हसू येत होतं की चष्मा पुसायला ते तीनदा थांबले. संघाचे चेअरमन आबा यांचीही केळी असायची आणि त्यांच्या नावाचे आणखी दोघं होते, म्हणून त्यांनाही खूण लागली: हो म्हणून विसरणारा.

प्रोग्राम सुरेख चालला. पाचांचे पाच वेगळे झाले. आता फक्त छापून लावायचं होतं. आमचा प्रिंटर रुंद कागदाचा. नाव आणि तारीख डावीकडे आली आणि उजवीकडे अर्धा कागद कोरा राहिला. एवढी मोठी मशीन आणि एवढीशी यादी! मला ते बघवेना. मी खुणेचा रकाना उजवीकडे ओढून घेतला. कागद भरल्यासारखा दिसला. ऊरही भरून आला.

सकाळी दहाला बोर्डापुढे गर्दी आणि हशा. मला वाटलं, कौतुक चाललंय. मग हसणाऱ्या प्रत्येकाला आपापली ओळ सापडत गेली आणि हशा एकेका माणसाने कमी होत गेला.

पहिला आत आला तो लग्नात रुसलेला. नानांच्या टेबलापुढे उभा राहिला. "नाना, तुमच्याकडून हे?"

नानांनी वही मिटली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, म्हणून तर गाव त्यांच्यापाशी येऊन बोलायचं. मी त्यांना वाचवायला पुढे झालो.

"नानांचा काही संबंध नाही. मशीनने आपोआप टाकलं."

"मशीनले कसं माहीत, मी माह्या साल्याच्या लग्नात रुसलो होतो?"

याचं उत्तर क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. मी कबूल केलं: खुणा मीच मागितल्या, आत ठेवायचं वचन मीच दिलं, आणि कागद रिकामा दिसतो म्हणून मीच छापल्या.

एवढ्यात आबा बोर्ड वाचून आत आले. माझ्या नोकरीच्या पत्राला ते तीन वेळा हो म्हणाले होते. आता चौथ्यांदा म्हणणार नाहीत, हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं. मी मनातल्या मनात साक्रीच्या गाडीत खिडकीची जागा धरली.

पण लग्नात रुसलेला अजून तिथेच होता. तो एकदम म्हणाला, "आबा, एक सांगू का? मागच्या साली मी अन् माह्या नावाचा तो दुसरा, दोघं एकाच दिवशी घड कापून आलो होतो. माहे बठ्ठे घड पिकून गेले. आज पहिल्यांदा कागद वाचला अन् समजलं, ही पाळी माहीच आहे. खूण राहू द्या. पण ही नको."

मग खुणा बदलून घ्यायला रांग लागली. ज्याने त्याने आपली खूण आपणच सांगितली. तासाभरात एकाच नावाच्या तिघांनी 'पैलवान' लिहून घेतलं, आणि मी पुन्हा पहिल्या जागेवर आलो. शेवटी नानांनीच तोड काढली: माणसाची नको, बागेची खूण घ्या. विहिरीजवळचा, चिंचेखालचा, पाटाच्या पलीकडचा. दुपारी नवी यादी लागली आणि त्या आठवड्यात एकही घड स्टेशनावर पिवळा पडला नाही.

शनिवारी आबांनी मला बोलावलं. "पत्र आत्ताच टाइप कर अन् सही घे. नाही तर विसरून जाईन," म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी नानांकडे बघितलं. नाना वहीतून वर बघेनात.

मी पत्र आणलं. आबांनी पेन उघडलं आणि विचारलं, "नाना, तुमच्यासंगे बसणार आहे हा. ठेवायचा ना?"

"ठेवा की. पोरगं हुशार आहे," नाना म्हणाले. "फक्त याच्यासमोर बोलायचं तेवढं जपून बोला आबा. मशीनच्या पोटात राह्यते, याच्या पोटात काही राह्यत नाही."