देवाला जाब

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं ओसरीवर मेथी निवडत बसलो होतो. मी देठ फेकत होतो. आमची ही खेकसली, "अहो, कोवळे देठ टाकता होय? हात आहेत की कोयता?" मी म्हणालो, "मग तूच निवड की!" जन्मभर आमचं असंच चाललं. परक्यानं काय टाकलं ते ती बघायची नाही. मी तिचा, म्हणून मला जाब विचारायची.

त्याच दुपारी ती चुलीपुढे कोसळली आणि गेली. शनिवारी तिला मातीआड करून आलो. घरी प्रार्थना झाली तेव्हा मी विचारलं, "देवानं असं का केलं?" चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाबा, विश्वासणाऱ्यानं देवाला प्रश्न विचारू नये." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं टाळकंच सणकलं. मेथीच्या देठाचा जाब विचारायचा, आणि आख्खं माणूस उचलून नेलं तर गप्प बसायचं? त्याला बाप म्हणायचं आणि बापाशी भांडायचं नाही, हा कुठला कायदा? त्याला मानत नसतो तर कशाला तोंड वाजवलं असतं? मानतो, म्हणूनच चिडलोय.

रविवारी सकाळी चर्चमध्ये गेलो. आमच्याकडे बाया डावीकडे बसतात, बाप्ये उजवीकडे. मी सरळ डावीकडे तिच्या जागेवर गेलो. बाया कुजबुजल्या. शेजारची म्हातारी सरकली, "बसा भावजी," म्हणाली. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. वर बघून म्हणालो, "हं, आता बोल."