खरखर काढणारं यंत्र

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला नाही, डोक्याला भिंगरी आहे. त्यामुळे बाबांच्या रेकॉर्डचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हाच तिने जाहीर केलं की आता घराची वाट लागणार. ती काही चुकीचं बोलली नव्हती.

रेकॉर्ड म्हणजे एक छोटी तबकडी. बाबा गिरणीत होते तेव्हा त्यांच्या खात्यातल्या कोकणातल्या मंडळींचं भजन मंडळ होतं. कुठल्याशा छोट्या कंपनीने त्यांना एकदा स्टुडिओत बोलावलं आणि दोन बाजूंना दोन भजनं भरून घेतली. बुवा गाताहेत, पेटी आहे, पखवाज आहे, मागे कोरस आहे आणि झांज वाजवताहेत आमचे बाबा. पुढे गिरणी गेली, मंडळ पांगलं, आम्ही परळहून भांडुपला आलो. घरातला प्लेअर बंद पडला तो पडलाच. तबकडी माळ्यावर पडून राहिली आणि उन्हाळ्यांच्या उष्म्याने कडेला वाकली.

घाई होती ती बाबांच्या कानांची. कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दिला होता. डावीकडे बरी चाललेली रेष उजवीकडे घसरगुंडीवरून खाली यावी तशी येत होती. वरचे सूर आधी जातात, ते म्हणाले, आणि गेलेले परत येत नाहीत. कानात मशीन घातलं की माणसांचं बोलणं कळेल, पण घसरण थांबणार नाही. झांज म्हणजे सगळे वरचेच सूर. दवाखान्यातून आल्यावर बाबा स्वतः स्टुलावर चढले, तबकडी काढली, बनियनच्या फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"कान आसत तवसर लाव गो. मगे लावन काय करतलंस?"

मी अंधेरीच्या एका कंपनीत सर्किटं डिझाइन करते. पण आधी सरळ मार्गाने गेले. कॉम्प्युटरला जोडायचा तयार प्लेअर मागवला. सुई वाकलेल्या कडेवर चढली, उडाली आणि सगळं भजन ओलांडून मधल्या लेबलवर जाऊन पडली. जाताना एक नवा ओरखडाही काढून गेली. जगात या तबकडीची दुसरी प्रत असेल तर ती आम्हाला माहीत नव्हती. मी प्लेअर खोक्यात घालून परत पाठवला आणि ठरवलं की यंत्र आपणच बनवायचं. खरं सांगायचं तर मला असं काहीतरी निमित्त हवंच होतं.

घाटकोपरच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या प्लेअरची जड थाळी आणली. मासे पकडायच्या गळाच्या काठीचं हलकं टोक कापून त्याचा सुईचा दांडा केला. सुईचा भार सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलला, कारण जास्त झाला तर ती तबकडी खरवडते आणि कमी झाला तर उडते. मुख्य युक्ती वेगाची होती. थाळी निम्म्या वेगाने फिरवायची, म्हणजे सुई त्या वाकड्या कडेवरून सावकाश चढते आणि सावकाश उतरते. बुवांचा आवाज रेड्यासारखा येतो, तो तसाच कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि मग तिथे वेग दुप्पट करायचा. रेकॉर्डवर आवाज कोरताना खर्ज दाबलेला असतो आणि वरचे सूर चढवलेले असतात, ते वाजवताना उलटं करून घ्यावं लागतं. वेग बदलला की हे गणितही सरकतं. तेही मी मांडलं, मोडलं, पुन्हा मांडलं.

मग घुमणं सुरू झालं. फ्रीज चालू झाला की आवाजात घूं शिरायची. मी फ्रीज बंद केला आणि परत लावायला विसरले. आईने आदल्या दिवशी बांगडे आणले होते. त्यावर ती मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. बाबा रोज चहाचा कप घेऊन टेबलाशी येत, झाली का, विचारत आणि मी रोज थोडंच राहिलंय म्हणत असे. आता प्रश्न खरखरीचा उरला होता. इतक्या वर्षांची धूळ, ओरखडे, बुरशी, सगळं त्यात वाजत होतं. अर्ध्या कानांनी ऐकणाऱ्या माणसाला हा कचरा कशाला ऐकवायचा, म्हणून मी तो काढणारा प्रोग्रॅम लिहिला. एकदम टोकदार उठून लगेच विझतं ते ओरखडा समजून कापायचं. वरच्या सुरांत सतत सळसळतं ते धूळ समजून पुसायचं.

एका रविवारी सकाळी बाबांना बसवलं. त्यांनी मशीन घातलं, खुर्ची पुढे ओढली. भजन स्वच्छ वाजलं, काल भरल्यासारखं. मला अगदी झकास वाटत होतं. बाबा शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, बुवांचा आवाज चांगला आलाय. मग त्यांनी दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली.

"कान गेले माजे," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी मशीन घालायचंच सोडलं. टीव्ही नुसता बघायचे. आम्ही काही विचारलं की भलतीच मान हलवायचे. मला वाटलं, उशीर झाला, संपलं. तरी हात गप्प बसेनात. मी ते भजन आणखी घासूनपुसून काढत राहिले, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

असंच एकदा ते चालू असताना आई खाली बसून सुकट निवडत होती. तिने मान वर केली.

"ह्येंची झांज खंय गेली?"

मी म्हटलं, आहे की. ती म्हणाली, नाही. चाळीत भजन असायचं तेव्हा बायका आतल्या खोलीत. ती नवी नवरी, बाहेर डोकावायची सोय नव्हती. गजराला झांज चढायला लागली की चहाचं आधण ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक. या भजनावर चहा ठेवताच येणार नाही, ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

मी मूळचा आवाज उघडला. झांज होती. टोकदार उठणारी, वर सळसळत राहणारी. माझ्या प्रोग्रॅमने तिचा ठोका ओरखडा म्हणून कापला होता आणि तिची मागे रेंगाळणारी आस धूळ म्हणून पुसली होती. बाबांना ऐकू आली नाही, कारण ती नव्हतीच. आणि तो माणूस आपले कान मेले असं समजून गप्प झाला होता. मला स्वतःचा इतका राग आला की लॅपटॉप उचलून आपटावासा वाटला. त्याहून जास्त भीती वाटली. आता खरी झांज लावायची आणि तीही त्यांना ऐकू आली नाही, तर?

बाबा यायला तयार नव्हते. शेवटी आईनेच डबी उघडली, त्यांची हनुवटी धरून दोन्ही कानांत मशीनं घातली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मी काहीही न काढलेलं भजन लावलं. तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तशी तडतड सुरू झाली. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काहीच हललं नाही. बुवा गात राहिले, पखवाज जोरात आला, गजर चढला. आई उठून उगाचच खिडकीचा पडदा सारखा करू लागली.

बाबांनी हात वर केला. मी थांबवलं.

मागे घे, म्हणाले. घेतलं. परत मागे. परत घेतलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. मी त्यांच्या तोंडून पुन्हा तेच ऐकायच्या तयारीने बसले होते. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकून आवाज खाली आणला.

"हयसर मी चुकलंय. येक झांज आगाव पडली."

मी पुन्हा लावून बघितलं. खरंच, बारीकसा एक ठोका पखवाजाच्या आधी पडला होता. इतके दिवस हेडफोन कानात घालून बसूनही तो मला एकदाही कळला नव्हता.

"ती येक काढूक येतली काय गो?"

"नाय येत," मी म्हणाले. एका बोटाने काढता आली असती.

"काय कामाचा तुजा यंत्र," बाबा म्हणाले. "बरा, पयल्यापासून लाव."